लीग लावण्याआधी भाताची जात विचारा

टर्फ बुक करू नका. चषकांची ऑर्डर देऊ नका. प्रमुख पाहुण्यांना तर अजिबात फोन करू नका. गोराई, मनोरी, उत्तनपासून वसईच्या वाड्यांपर्यंत, मुंबईच्या उत्तरेला जिथे अजून भात, भाजी आणि फुलं पिकतात, तिथल्या पोरांची फुटबॉल लीग भरवायची असेल तर पहिलं काम कॅलेंडर घेऊन गावोगाव फिरायचं. ते सोडून बाकी सगळं होतं आणि मग तिसऱ्या आठवड्यात लीग बंद पडते. लोक म्हणतात, ‘पोरांना इंटरेस्ट नाही.’ इंटरेस्ट भरपूर असतो. पोरं कापणीला गेलेली असतात.

आधी एक गोष्ट पक्की करा: लीग म्हणजे लीग, एका दिवसाची नॉकआउट टूर्नामेंट नव्हे. आठ संघांच्या नॉकआउटमध्ये चार संघ पहिल्याच सामन्यात घरी जातात. आठवडाभर भारे वाहिलेल्या पोराला मोजून पन्नास मिनिटं खेळायला मिळतं आणि उरलेला दिवस तो लाउडस्पीकर ऐकत बसतो. लीगमध्ये तोच पोरगा सात सामने खेळतो, खेळ सुधारतो, शेजारच्या गावातल्या पोरांची नावं त्याला कळतात. नॉकआउट भरवणं सोपं आहे, म्हणून सगळे तेच भरवतात.

संघ

आठ गावं, प्रत्येकाचे चौदा खेळाडू, मैदानात सात. अकराचा हट्ट धरू नका. रोव्हर्स कपची फुटबॉल स्पर्धा १८९१ साली जिथे सुरू झाली त्या शहरात आपण राहतो, त्यामुळे कूपरेजचं फुटबॉल मैदान डोळ्यांसमोर ठेवून सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. त्यांना एकच हिशेब दाखवा. १०० मीटर लांब आणि ६४ मीटर रुंद मैदान म्हणजे सुमारे ६३ गुंठे, दीड एकराहून जास्त. एवढं सलग भातखाचर आपल्या पट्ट्यात कुठे आहे? मध्ये बांध येणारच. आणि मैदानासाठी दोन भावांमधला बांध फोडलात तर लीग फेब्रुवारीत संपेल, कोर्टातला दावा संपणार नाही. सात-सातच्या खेळाला ६० बाय ४० मीटर पुरतं. म्हणजे चोवीस गुंठे, आणि तेवढं सापडतं.

खेळाडू कुणाला म्हणायचं, यावर पहिल्या बैठकीत भांडून घ्या. माझा नियम असा: गावात राहतो तो चालेल, गावचा पण नोकरीसाठी मालाड-कांदिवलीला राहतो तोही चालेल, आजोळ गावात आहे तो चालेल. जावई चालणार नाही. जावयांना एकदा दार उघडलं की नालासोपाऱ्यातला प्रत्येक चांगला स्ट्रायकर कुणाचा ना कुणाचा जावई निघतो. मुंबईच्या क्लबांकडून खेळणारे संघात दोनच. यादी फोटोसह पहिल्या सामन्याआधी बंद, नंतर एकही नाव नाही.

वेळापत्रक

इथे माझा सगळ्यांत जास्त वेळ जातो आणि इथेच सगळ्यांत वाईट सल्ले मिळतात. ‘ॲप आहे ना, आठ नावं टाक, फिक्श्चर बाहेर येतं.’ येतं. ॲपला सगळे रविवार सारखे दिसतात.

गणपतीत फिरा, कारण तेव्हा माणसं घरी असतात. कालनिर्णय सोबत ठेवा आणि कॅप्टनला काहीही विचारू नका. कॅप्टन म्हणणार, ‘आपण कधीपण रेडी.’ त्याच्या आईला विचारा, आजी असेल तर आजीला. प्रश्न एकच: यंदा भात कुठलं लावलंय, हळवं, निमगरवं की गरवं?

हळवं भात चार महिन्यांच्या आत तयार होतं, दसऱ्याच्या आसपास कापून मोकळं. गरवं पाच महिन्यांपर्यंत जातं, म्हणजे नोव्हेंबर उजाडतो. शिवाय कापलं म्हणजे संपलं असं नाही. ते वाळतं, भारे बांधले जातात, खळ्यावर जातं, झोडणी होते. कापणीनंतर निदान पंधरा दिवस त्या घरातला पोरगा तुमचा नाही आणि ते खाचरही तुमचं नाही. साधारणपणे उंचावरच्या जमिनीत हळवं आणि खोलगट, पाणी धरणाऱ्या खाचरात गरवं, पण हे गृहीत धरू नका, विचाराच.

आता आठ गावांचे दोन गट पडतात. चार लवकर मोकळी होणारी, ती हळवी. चार उशिरा, ती गरवी. निमगरव्याचं गाव ज्या गटात संख्या कमी पडते तिकडे टाका. हळव्या गावांना १ ते ४ आणि गरव्यांना ५ ते ८ आकडे द्या. वेळापत्रक असं लावायचं:

दिवाळी उलटली की पहिले तीन आठवडे फक्त हळवी गावं आपसात खेळतात. १-२ आणि ३-४, मग १-३ आणि २-४, मग १-४ आणि २-३. गरवी गावं तेव्हा कापणीत असतात, त्यांना हातही लावायचा नाही.

पुढचे तीन आठवडे दोन्ही गट एकमेकांशी. १-५, २-६, ३-७, ४-८. पुढच्या आठवड्यात उजवा आकडा एकाने सरकवा: १-६, २-७, ३-८, ४-५. मग पुन्हा एकाने.

त्यानंतरचे तीन आठवडे गरवी गावं आपसात, हळव्यांनी केलं तसंच. हळव्या गावांपैकी ज्यांनी भातामागून ओलीवर वाल टाकलेला असतो, त्यांची तोवर शेंगांची धावपळ सुरू झालेली असते, त्यामुळे त्यांना ही सुट्टी बरीच वाटते.

उरली उजव्या आकड्याची चौथी सरकवणी: १-८, २-५, ३-६, ४-७. ही फेरी मुद्दाम शेवटी ठेवा. सगळे आठ संघ एकाच दिवशी, आणि ज्या सामन्यांवर अजिंक्यपद ठरणार ते एकाच वेळी दोन मैदानांवर. नाहीतर आधीचा निकाल ऐकून ‘दोन गोल दे, जत्रेत मटण खिलवतो’ असे सौदे होतात. मी ऐकले आहेत.

सहा, बारा, सहा आणि चार, एकूण अठ्ठावीस सामने, दहा आठवडे. यात नाताळ आणि नववर्षाचे दोन आठवडे पूर्ण बंद धरा, कारण वसई-उत्तनच्या गावांत तेव्हा लग्नंही असतात आणि एका लग्नात अख्खा बचाव जातो. शिवाय दोन आठवडे राखीव ठेवा. हे राखीव आठवडे शेवटी ठेवायचे नाहीत, मध्ये ठेवायचे. शेवटी ठेवलेली राखीव तारीख म्हणजे सगळ्या पुढे ढकललेल्या सामन्यांची अडगळ होते. पहिली राखीव तारीख पाचव्या आठवड्यानंतर, दुसरी नवव्यानंतर. अवकाळी पाऊस आला, गावात कुणी गेलं, की सामना तिथे बसवायचा. त्याच्यापलीकडे ढकलायचा नाही, गुण वाटून टाकायचे. पहिल्या वर्षी यावरून शिव्या खाव्या लागतील. खा.

आता वार आणि वेळ. ‘रविवारी संध्याकाळी पाच’ हे मुंबईच्या नोकरदाराचं उत्तर आहे. फुलांच्या गावातला पोरगा पहाटेच्या अंधारात फुलं खुडतो, पहिल्या गाड्यांपैकी एखादीने टोपली घेऊन दादरच्या फूलबाजारात जातो आणि परतून दुपारी झोपतो. त्याला सकाळचा सामना देणं म्हणजे समोरच्या संघाला गुण फुकट देणं. ख्रिस्ती गावांत रविवारी सकाळी मिस्सा असते, म्हणून सकाळ तशीही गेली. पाचला सुरू केलात तर डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि दुसऱ्या सामन्यात चेंडू दिसत नाही. म्हणून पहिला सामना साडेतीनला, दुसरा पावणेपाचला. पंचवीस-पंचवीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये दहा मिनिटं. पावणेसहाला सगळं आटपतं आणि ज्याला वाडीला पाणी द्यायचं तो जातो. मुलींचे संघ असतील, आणि असावेतच, तर त्यांचा सामना साडेतीनचाच. ‘मुलींचा शेवटी घेऊ’ म्हणणाऱ्याला अंधार पडल्यावर कुणाची आई मैदानावर येऊन काय बोलते ते माहीत नसतं.

मार्गशीर्षातल्या गुरुवारांच्या आदल्या दिवशी फुलवाल्यांकडे सरावही ठेवू नका. रविवारी पश्चिम रेल्वेचा जम्बो ब्लॉक कुठे आहे ते शनिवारीच बघून घ्या, नाहीतर नोकरीवाले पाच जण मधल्या कुठल्यातरी स्टेशनावर उभे. गोराई-मनोरीला सामना असेल तर खाडीपलीकडून येणाऱ्यांना परतीच्या बोटीची वेळ आधी विचारायला लावा. बारावीची पोरं जानेवारी संपला की घरातून बाहेर पडत नाहीत, चौदा जणांची यादी त्यासाठीच आहे.

हे सगळं एका कागदावर, मोठ्या अक्षरांत. देवळात, चर्चच्या फळ्यावर आणि किराणा दुकानात चिकटवा. व्हॉट्सॲपवर टाकलेलं वेळापत्रक दोन दिवसांत ‘गुड मॉर्निंग’खाली गाडलं जातं.

मैदान

दोन मैदानं पुरतात. सुरुवातीचं हळव्या गावात, नंतरचं गरव्या गावात, आणि मधल्या तीन आठवड्यांत व शेवटच्या फेरीला दोन्ही. मालकाकडून शब्द घेताना ‘यंदा वाल टाकणार नाही ना?’ हे विचारल्याशिवाय उठू नका. खाडीकडची खारजमीन मिळाली तर सोनं: सपाट, आणि भातानंतर तिथे बहुधा दुसरं पीक घेत नाहीत.

भाताचे खुंट विळ्याने जमिनीलगत कापून घ्या. जाळू नका. खाचराची चिकण माती वाळली की डिसेंबरपासून भेगा पडतात, पाऊल अडकलं की घोटा गेला. दर शनिवारी कोरडी माती आणि वाळू भरून पाणी मारायचं, हे काम यजमान गावाचं. रेषांना फक्कीच, कळीचा चुना नको, डोळ्यात गेला तर डोळा जातो. गोलपोस्ट बारा फूट रुंद, सहा फूट उंच, लोखंडी पाइप जमिनीत दोन फूट पुरून. नुसते ठेवलेले पोस्ट पोरं लोंबकळली की अंगावर येतात. जाळी कोळीवाड्यातून जुनी मिळते.

पेंढ्याच्या उडवीत चेंडू गेला तर हात घालायचा नाही, काठीने काढायचा. कापणीनंतर उंदरांमागे साप येतात आणि घोणस पेंढ्यात दिसतही नाही. सर्पदंशावरचं प्रतिविष जवळच्या कुठल्या रुग्णालयात मिळतं ते पहिल्या सामन्याआधी विचारून ठेवा आणि नंबर त्याच कागदावर लिहा. शेजारच्या शेतात त्या दिवशी फवारणी झाली असेल तर सामना रद्द, चर्चा नाही.

बुटांबाबत अर्धं-अर्धं चालत नाही. एक तर सगळे रबरी स्टडच्या बुटात, नाहीतर सगळे अनवाणी. खुंटांवर अनवाणी खेळवायला माझा विरोध आहे. जुने बूट शहरातून गोळा करा, मुंबईत प्रत्येक सोसायटीत दोन-तीन जोड पडून असतात.

बाकीचं

रेफ्री तिसऱ्या गावचा, मानधन शिट्टी वाजण्याआधी हातात. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. गुण सारखे झाले तर गोलफरक, तोही सारखा तर आपसातला निकाल. पाच खेळाडू जमले नाहीत तर सामना गेला, पंधरा मिनिटं वाट बघून. लिंबू-पाणी यजमानाचं.

बक्षीस रोख नको. रोख रक्कम जाहीर केलीत की जावई परत येतात. विजेत्याला चार चेंडू आणि एक जाळी, दुसऱ्याला दोन चेंडू, आणि शिस्तीचं बक्षीस म्हणून ज्या गावाने मैदान चांगलं राखलं त्याला पाण्याचा मोठा ड्रम. डीजे नाही. भाषण नाही, कुणाचंच.

शेवटचा सामना झाला की त्याच आठवड्यात पोस्ट उपटा, खड्डे बुजवा, काचा आणि प्लॅस्टिक वेचा आणि मालकाला शेत दाखवून मोकळं करा. एप्रिलमध्ये राब, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन, भाजायला तो तिथे येणार आहे. त्याला तिथे खिळा सापडला तर पुढच्या वर्षी तो वाल टाकेल.