अँसिबलने सर्व्हर तपासताना: 'अनरीचेबल' म्हणजे नेमकं काय?

अँसिबल म्हणजे एका मशीनवरून अनेक सर्व्हर सांभाळायचं साधन. त्याला सर्व्हरवर एजंट, म्हणजे वेगळा बसवलेला प्रोग्राम, लागत नाही. एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिनची सोय) आणि पायथन असलं की भागतं. इन्व्हेंटरी फाइलमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या यादीत, चौकटी कंसात गटाचं नाव आणि खाली एका ओळीत एक सर्व्हर लिहा. एसएसएच की (लॉगिनची किल्ली) सगळीकडे टाका, होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणारी किल्ली) पडताळून स्वीकारा. होस्ट की तपासणी बंद करू नका. बंद केली तर भलतंच मशीन उत्तर देत असलं तरी कळत नाही.

आता पिंग मॉड्यूल चालवा (मॉड्यूल म्हणजे एक ठरावीक काम करणारा अँसिबलचा भाग). हे नेटवर्कचं पिंग नव्हे. ते लॉगिन करतं, पायथन चालतंय का पाहतं आणि 'पाँग' म्हणतं. वेबसाइट बंद असली तरी पाँग येतोच.

'अनरीचेबल' (पोहोचता आलं नाही) लाल अक्षरांत दिसलं की सर्व्हर बंद पडला असं धरू नका. पुढचा मेसेज पूर्ण वाचा. 'टाइम्ड आउट' असेल तर फायरवॉल किंवा पत्ता बघा, 'परमिशन डिनाइड' असेल तर की किंवा यूजर. टेम्पररी डिरेक्टरी करता आली नाही असं म्हणत असेल, तर लॉगिन झालेलं असतं. होम डिरेक्टरीची परवानगी चुकलेली असते किंवा डिस्क काठोकाठ भरलेली असते. म्हणजे जी डिस्क तपासायची, तिच्यामुळेच तपासणी अडते! अशा वेळी रॉ मॉड्यूल वापरा. त्याला पायथनही लागत नाही आणि टेम्पररी फाइलही. त्यातून 'डीएफ' ही डिस्क किती भरली ते दाखवणारी कमांड दोनदा चालवा: एकदा जागेसाठी, एकदा आयनोडसाठी (प्रत्येक फाइलला लागणारी नोंद). लाखो बारीक फाइल्सनी आयनोड संपले, तर जागा शिल्लक असूनही काहीच लिहिता येत नाही.

रोजच्या तपासणीसाठी प्लेबुक, म्हणजे टास्कची यादी असलेली फाइल, लिहा. फॅक्ट्स (अँसिबलने सर्व्हरबद्दल गोळा केलेली माहिती) मधल्या माउंट्सच्या, म्हणजे जोडलेल्या डिस्कच्या, यादीवर असर्ट (अट तपासणारं मॉड्यूल) लावा: मोकळी जागा एकूण जागेच्या 10 टक्क्यांहून कमी झाली की फेल. उबुंटूवर स्नॅपचे (तिथल्या अ‍ॅप पॅकेजचे) माउंट वगळा. ते रीड-ओन्ली असल्याने कायम 100 टक्के भरलेले दिसतात.

कमांड मॉड्यूलमध्ये पाइप (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणं) चालत नाही, त्याला शेल मॉड्यूल हवं. दोन्ही दरवेळी 'चेंज्ड' दाखवतात, म्हणून नुसत्या तपासणीच्या टास्कवर 'चेंज्ड व्हेन' फॉल्स ठेवा, नाहीतर खरा बदल त्या पिवळ्या ओळींत हरवतो.

अँसिबल मुळात एका वेळी 5 सर्व्हर घेतं. सर्व्हर जास्त असतील तर फोर्क्स, म्हणजे हाच आकडा, 20 पर्यंत वाढवून पाहा.