निघणं आणि सुरू होणं: इंग्रजीतले फ्रेझल व्हर्ब कसे पक्के करावेत

गाडी सुटते आणि वाराही सुटतो. पाहुणे निघतात आणि बोलता बोलता जुना विषयही निघतो. मराठीत जाणं आणि सुरू होणं एकाच क्रियापदात गुण्यागोविंदानं नांदतात आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. इंग्रजीतही असंच होतं, फक्त तिथे ही किमया क्रियापदाला जोडलेला छोटा शब्द करतो. ‘सेट ऑफ’ म्हणजे प्रवासाला निघणं, आणि अलार्म वाजायला लावणं किंवा वादाला तोंड फोडणं यालाही ‘सेट ऑफ’च.

क्रियापद आणि छोटा शब्द यांच्या या जोड्या, म्हणजेच फ्रेझल व्हर्ब, परभाषकांना फार जड जातात, हे सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवून ठेवलं आहे. त्याने दिलेल्या उदाहरणांत ‘सेट आउट’, ‘सेट इन’ आणि ‘सेट ऑफ’ हे तिन्ही आहेत. तेव्हा तुम्हाला त्या अवघड वाटत असतील तर स्वतःला दोष देऊ नका, अभ्यासाची रीत बदला.

१. वहीची पानं छोट्या शब्दांप्रमाणे पाडा

बहुतेक जण ‘टेक’ची एक यादी करतात, ‘गो’ची दुसरी, आणि मग पाठांतर सुरू होतं. त्याऐवजी ऑफ, आउट, अवे, अप असं एकेक पान करा.

ऑफच्या मुळाशी आहे संपर्क तुटणं, चिकटलेली किंवा रोखलेली गोष्ट मोकळी होणं. विमान धावपट्टी सोडतं तेव्हा ‘टेक ऑफ’ आणि रॉकेट सरळ वर उठतं तेव्हा ‘लिफ्ट ऑफ’. कुणाला निरोप द्यायला स्टेशनवर जाणं म्हणजे ‘सी ऑफ’. बंदूक ‘गोज ऑफ’, म्हणजे आपल्याकडे गोळी सुटते. गजराचं घड्याळही ‘गोज ऑफ’, कारण इतका वेळ दबा धरून बसलेला आवाज एकदम सुटतो. फुटबॉलचा सामना मैदानाच्या मधोमध चेंडूला लाथ मारून सुरू होतो, तो ‘किक ऑफ’. तिथून हा शब्द बैठका आणि मोहिमांच्या सुरुवातीलाही लागला. ‘तो पळत सुटला’ हे इंग्रजीत सांगायचं तर ‘ही टुक ऑफ रनिंग’. सुटणे हे क्रियापद मनात धरलंत की ऑफचं निम्मं पान आपोआप कळतं.

आउट म्हणजे आतून बाहेर: हॉटेलची खोली सोडताना ‘चेक आउट’, राहतं घर सोडताना ‘मूव्ह आउट’, निषेध म्हणून सभागृह सोडताना ‘वॉक आउट’. अवेमध्ये वाढत जाणारं अंतर दिसतं, जसं ‘रन अवे’, ‘गेट अवे’. अपच्या पानावर नव्याने उभं राहणारं काही असतं: संस्था ‘सेट अप’ होते, छंद ‘टेक अप’ करतात, अनोळखी माणसाशी संभाषण ‘स्ट्राइक अप’ करतात.

अर्थात प्रत्येक जोडी या चौकटीत बसणार नाही. दिवे ‘गो ऑफ’ होतात ते विझतात, आणि ब्रिटिश इंग्रजीत दूध ‘गोज ऑफ’ झालं की ते नासलेलं असतं. अशा जोड्या त्याच पानाच्या तळाशी वेगळ्या लिहा.

२. ‘सेट’च्या घराण्याला पुरेसा वेळ द्या

निघणं आणि आरंभ यांसाठी मला हे घराणं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नुसतं निघायचं असेल तर ‘सेट ऑफ’: ‘वी सेट ऑफ ॲट डॉन’, आम्ही पहाटे निघालो. इथे ‘सेट’चा भूतकाळही ‘सेट’च राहतो, ‘सेटेड’ असं काही नसतं. कुठे निघालो ते सांगताना ‘फॉर’ लावा: ‘सेट ऑफ फॉर द स्टेशन’. मराठीतल्या ‘स्टेशनला’मुळे हात ‘टू’कडे वळतो, तो आवरा.

‘सेट आउट’ही प्रवासाला चालतं, पण त्यात लांबचा पल्ला किंवा ठरवलेला हेतू जास्त जाणवतो. त्यापुढे ‘टू’ आणि क्रियापद आलं की प्रवास मागे पडतो आणि संकल्प उरतो. ‘शी सेट आउट टू प्रूव्ह हिम राँग’ म्हणजे त्याला चूक ठरवायचंच, असं मनाशी ठरवून ती कामाला लागली. ते तिला साधलं की नाही, हे हे वाक्य सांगत नाही. वाचताना ही खोच बऱ्याचदा निसटते.

‘सेट अबाउट’ म्हणजे कामाला हात घालणं. पुढच्या क्रियापदाला इथे ‘इंग’ लागतं: ‘सेट अबाउट क्लीनिंग’. आणि ‘सेट इन’ म्हणजे एखादी स्थिती येऊन ठाण मांडणं. थंडी, घबराट, निराशा, जखमेतला संसर्ग हे सगळं ‘सेट इन’ होतं. बहुधा नकोशी आणि मुक्काम ठोकणारी गोष्ट असते, म्हणून समारंभाच्या सुरुवातीला हे वापरू नका.

३. भडका उडाला की पुढे काय येतं ते पाहा

युद्ध, आग, साथ, मारामारी ही ‘ब्रेक आउट’ होतात. या अर्थाने त्याला कर्म लागत नाही, त्यामुळे कुणी युद्ध ‘ब्रेक आउट’ करत नाही. कारण सांगायचं असेल तर ‘स्पार्क ऑफ’ किंवा पुन्हा आपलं ‘सेट ऑफ’ घ्या.

रडू कोसळलं, हे दोन तऱ्हांनी सांगता येतं: ‘बर्स्ट इन्टू टिअर्स’ आणि ‘बर्स्ट आउट क्राइंग’. ‘इन्टू’पुढे नाम येतं, ‘आउट’पुढे ‘इंग’वालं रूप. यांची अदलाबदल होत नाही. म्हणून वहीत नुसती जोडी न लिहिता तिच्या पुढचा एक शब्दही लिहा.

४. सर्वनाम मध्ये घाला

‘ड्रॉप मी ऑफ’, ‘सी हर ऑफ’, ‘सेट इट अप’. ‘ड्रॉप ऑफ मी’ ऐकताच कानाला खुपलं पाहिजे, इतकी याची सवय करा. मात्र ‘सेट अबाउट इट’ फुटत नाही, कारण तिथला ‘अबाउट’ पुढच्या शब्दाला धरून असतो. शंका आली की कर्माच्या जागी ‘इट’ घालून मोठ्याने म्हणा आणि शब्दकोशातल्या उदाहरणाशी ताडून पाहा.

५. नाम झालं की जोर सरकतो

विमान ‘टेक ऑफ’ करतं तेव्हा उच्चारातला जोर ‘ऑफ’वर असतो, ‘टेकऑफ’ हे नाम झालं की तो ‘टेक’वर येतो. ‘चेकआउट’ आणि ‘वॉकआउट’चंही तेच. काहींचा क्रम मात्र उलटतो: साथ ‘ब्रेक आउट’ होते, पण तिला म्हणतात ‘आउटब्रेक’.

६. कुणाशी बोलताय ते विसरू नका

आपण निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. इंग्रजीत तशा सौम्य निरोपाला ‘आय शुड गेट गोइंग’ किंवा ‘आय मस्ट बी ऑफ’ चालतं. ‘क्लिअर ऑफ’ हे मात्र चालता हो म्हणण्याइतकं उद्धट आहे. मृत्यूबद्दल बोलताना ‘पास अवे’ म्हणा. आणि कॉलेजातून बाहेर पडल्याचं परदेशी माणसाला ‘आय पास्ड आउट’ असं सांगू नका. भारतात ते सर्रास चालतं, पण त्याला बहुधा तुम्ही बेशुद्ध पडलात असंच वाटेल. ‘आय ग्रॅज्युएटेड’ म्हणा.