जवळच्या माणसाची खोडी काढताना

खोडी काढायची ती अशाच माणसाची, जो उलट आपलीही खोडी निःसंकोचपणे काढू शकतो; हाताखाली काम करणाऱ्या किंवा नुकतीच ओळख झालेल्या व्यक्तीला नाराजी मोकळेपणाने बोलून दाखवता येत नाही, म्हणून तिला यातून वगळावे.

मला सर्वांत आवडणारी खोडी गाण्याची आहे. दोघांच्याही ओळखीच्या गाण्याची ओळ गुणगुणत यावे आणि शेवटचा शब्द न उच्चारताच दुसऱ्या खोलीत निघून जावे. ऐकणाऱ्याचे मन ती ओळ आपोआप पुढे नेत असल्यामुळे बऱ्याचदा तो शब्द तो स्वतःच वैतागून मोठ्याने म्हणतो, आणि सारी गंमत त्या वैतागलेल्या सुरात असते. हा प्रयोग दिवसातून एकदाच करावा, कारण दुसऱ्या वेळी समोरचा सावध असतो. नीटनेटकेपणाची आवड असलेल्या माणसासाठी भिंतीवरची तसबीर किंचित तिरकी करून ठेवणे पुरेसे होते.

आवाजाच्या खोड्यांत मात्र फार जपावे. काही जणांना चघळण्याचा किंवा पेनाच्या टकटकीचा आवाज खरोखरच असह्य होतो. या त्रासाला २००१ मध्ये ‘मिसोफोनिया’ असे नाव मिळाले. अशा व्यक्तीसमोर असे आवाज काढून चिडवणे पूर्णपणे सोडावे. गुदगुल्यांचेही तसेच आहे: त्यांनी येणारे हसू अनैच्छिक असते, त्याला संमती समजू नये आणि पहिल्याच ‘पुरे’ला हात मागे घ्यावा.