गावातल्या भगर मिलचं सार्वजनिक मोल कसं काढावं

इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडच्या एखाद्या गावात बचतगटाला वरईचं टरफल काढून भगर करणारं यंत्र मिळतं आणि मग कुणीतरी विचारतं, लोकांच्या पैशाचं चीज झालं का? त्याचं उत्तर असं काढा.

खर्च आधी मांडा: यंत्र, शेड, वीजजोडणी, दुरुस्ती. अनुदानाची रक्कम वजा करू नका, तोही लोकांचाच पैसा आहे. यंत्र किती चाललं हे नोंदवहीपेक्षा लाइटबिल खरं सांगतं. बारा महिन्यांची बिलं घ्या.

आता अवघड भाग. पहिल्या वेळी मी विकलेल्या सगळ्या भगरीची किंमत लाभात धरली आणि आकडा डोळे दिपवणारा आला. गावातल्या एका आजींनी विचारलं, "बाबा, वरई आधी कुठं जायची?" ती व्यापाऱ्यामार्फत नाशिकच्या भगर मिलमध्येच जायची. तिथं तिची भगर होतच होती, उपवासाला लोक ती खातच होते. मी नवं म्हणून मोजलेलं बहुतेक सगळं आधीपासूनच घडत होतं. कागद फाडून पुन्हा बसलो.

म्हणून प्रत्येक आकड्यापुढे एकच प्रश्न लिहा: यंत्र नसतं तर काय झालं असतं? व्यापाऱ्याचा नफा शेतकऱ्याच्या घरी आला, तर पैसा फक्त एका घरातून दुसऱ्या घरात गेला. मला ते फार मोलाचं वाटतं, पण ते वेगळ्या रकान्यात जातं, एकूण लाभात नाही. तिथं ते मिसळणारे अहवाल मी परत पाठवतो.

खरा नवा लाभ बहुतेक वेळा बायकांच्या वेळात असतो. घरी खायची वरई उखळात कांडायला किती वेळ लागतो, हे विचारू नका. घड्याळ घेऊन शेजारी बसा, यंत्रापर्यंतची पायपीट त्यातून वजा करा. समजा किलोमागे ४० मिनिटं वाचली आणि ६० घरांनी प्रत्येकी २० किलो यंत्रावर टरफल काढून नेली. १,२०० किलोंचे ८०० तास, म्हणजे आठ तासांचे १०० दिवस. रोजगार हमीच्या २०२४-२५ च्या २९७ रुपये दराने २९,७०० रुपये. "त्या वेळात त्या कुठं कमावणार होत्या?" असं म्हणून हा वेळ शून्य धरणारे भेटतील. ऐकू नका. त्याच महिन्यांत या भागातली माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत रोजाने जातात. आणि काम मिळालं नाही तरी टेकलेल्या पाठीलाही किंमत आहे. अशा बिनकामाच्या दिवसांना मी निम्मा दर धरतो आणि तसं स्पष्ट लिहितो.

नाचणी या हिशेबात ओढू नका. तिला असं कठीण टरफल नसतं, साध्या चक्कीवर दळली जाते. १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम तिच्यात असतं, म्हणून अनुदानाच्या अर्जात तिचं नाव झळकतं. पण तो गुण धान्याचा, या यंत्राचा नाही.

पोषणाला रुपये लावू नका. घरात किती किलो जास्त शिजली, एवढं लिहा. ते चुलीपाशी विचारा, मीटिंगमध्ये नव्हे. सगळी भगर शहरात गेली असेल तर गावातल्या पोरांच्या नावापुढे शून्य घाला.

शेवटी दहा वर्षांचा लाभ-खर्च मांडा आणि यंत्र निम्मेच दिवस चाललं असं धरून पुन्हा एकदा करा. दोन्ही आकडे द्या.