रातकिड्यांवर काम करायचंय? आधी थर्मामीटर घ्या

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी सरांनी रातकिड्यांच्या आवाजावरचे पेपर हातात ठेवले आणि पावसाळ्याआधी वाचून काढ म्हणाले. मी शहाण्या मुलीसारखी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. प्रत्येक वेळी प्रस्तावनेतच डुलकी लागायची.

तुम्ही तसं करू नका. आधी आकृत्या बघा. ऑसिलोग्राममध्ये आवाजाचा जोर वेळेप्रमाणे कसा कमीजास्त झाला ते दिसतं, स्पेक्ट्रोग्राममध्ये त्याची पट्टी, म्हणजे तो किती चढा किंवा खालचा आहे ते. मग थेट ‘पद्धती’कडे वळा. तो भाग मी रटाळ म्हणून सोडून द्यायचे आणि त्याचीच किंमत मोजली.

झालं असं, की दोन ठिकाणच्या रातकिड्यांची मी अकरा रात्री रेकॉर्डिंगं केली. एका जागेचा किर्रकिराट दुसरीपेक्षा चांगलाच संथ निघाला. मी खूश! सरांनी एकच विचारलं, "तापमान किती होतं?" नोंदच नव्हती. ‘पद्धती’ वाचल्या असत्या तर सुचलं असतं. पहिल्या जागी मी रोज मध्यरात्रीनंतर पोचायचे, दुसरीकडे आठ वाजता. रातकिडा थंड रक्ताचा, गारठा वाढला की त्याचे पंख सावकाश घासले जातात. अमेरिकेत आमोस डॉलबेअर या भौतिकशास्त्रज्ञांनी १८९७ सालीच किर्रकिर मोजून तापमान काढायचं सूत्र छापलं होतं. म्हणजे मी अकरा रात्री जागून फक्त थंडी मोजली होती.

आता ज्या कामाने मला या विषयाला चिकटवून ठेवलं, त्याबद्दल. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रोहिणी बालकृष्णन यांच्या गटाने ‘ओइकँथस हेन्री’ या झुडपांवरच्या नाजूक, फिकट रातकिड्याचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. याचे काही नर पान कुरतडून मधोमध भोक पाडतात, त्यात डोकं खुपसतात आणि पंख पानाला लावून गातात. पंखाच्या पुढची आणि मागची ध्वनिलहर पंखाच्या कडेपाशी एकमेकींना निष्प्रभ करतात, मध्ये पान आलं की ते टळतं आणि आवाज मोठा होतो. नताशा म्हात्रे आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या पेपरात दिसलं, की लहानमोठी पानं दिली तर नर मोठं पान निवडतो आणि भोक साधारण मध्यभागीच पाडतो. २०२० च्या पेपरातली गंमत आणखी वेगळी: ही युक्ती जास्त करून लहान चणीचे, मुळात बारीक आवाजात गाणारे नर वापरतात आणि माद्याही त्या वाढीव आवाजाला फसतात. हे दोन पेपर लागोपाठ वाचा. पहिल्यात ‘कसं’ आहे, दुसऱ्यात ‘कोण आणि कशासाठी’.

बाकी सामान फार लागत नाही. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग सुरुवातीला चालतं, पण फाइल वेव्ह प्रकारातच ठेवा, एमपीथ्रीत आवाजाचे बारकावे जातात. आवाज बघायला ऑडॅसिटी हे संगणकावरचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. अनेक लांबशिंग्या नाकतोड्यांचा आवाज मात्र आपल्या कानापलीकडचा असतो, त्याला वेगळा माइक लागतो आणि तो महाग आहे, त्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नका.

किडा शोधणं हे खरं कसब. आवाज डावीकडून येतोय म्हणून वळावं, तर तो मागे असतो. पाऊल वाजलं की गप्प. आम्ही दोघी दोन बाजूंनी उभ्या राहून आवाजाच्या दिशेने हात करायचो, दोन्ही हातांच्या रेषा जिथे छेदतील त्या फांदीवर लाल उजेड टाकायचा. दहात तीनदा सापडायचा.

गेल्या ऑक्टोबरात घराच्या परसात भोक पडलेलं पान दिसलं. तीन रात्री स्टुलावर बसून त्यावर नजर ठेवली. चौथ्या सकाळी त्याच पानावर दुसरं भोक पाडताना एक हिरवी अळी सापडली. नोंदवहीत तेही लिहिलं, शेजारी तापमान: २३ अंश.