ट्रक रस्त्यात बंद पडला: जागेवर खोलायचा की ओढून न्यायचा?

गाडी बंद पडल्याचा फोन आला की मालकाच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "काय गेलं?" बारा वर्षं दोन गाड्या सांभाळल्यावर मी तो प्रश्न दुसऱ्या नंबरवर टाकलाय. आता पहिला प्रश्न एकच: "गाडी उभी कुठे आहे?" क्लच प्लेट ढाब्याच्या अंगणात सहज बदलता येते. तेच काम घाटातल्या वळणावर करायचं म्हणजे गाडीखाली झोपलेल्या माणसाचा जीव मागून येणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यांवर सोडायचा. म्हणून ओढायची की खोलायची याचा निम्मा निकाल जागाच लावते.

१. आधी जागा बघा

गाडी साइडपट्टीवर पूर्ण बाहेर आहे का? जमीन सपाट आणि टणक आहे का? मागून येणाऱ्याला ती लांबून दिसते का? तिन्हींचं उत्तर "हो" असेल तरच जागेवर खोलायचा विचार करा. घाट, पूल, बोगदा, वळण आणि द्रुतगती मार्ग या ठिकाणी पाना हातात घ्यायचाच नाही, दोष कितीही किरकोळ वाटला तरी. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ लावा, बाकी कुठेही ११२. गस्तीची गाडी येईपर्यंत माणसांनी रेलिंगच्या पलीकडे उभं राहायचं. केबिनमध्ये झोपायचं नाही, आणि गाडीच्या सावलीत तर मुळीच नाही.

२. गाडी जागेवर बांधून ठेवा

हजार्ड लाइट चालू करा. उताराच्या बाजूने चाकांना लाकडी ठोकळे किंवा मोठे दगड लावा. लाल त्रिकोण किमान पन्नास मीटर मागे ठेवा आणि वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, म्हणजे मागच्याला वळायच्या आधीच कळेल. आपल्याकडे झाडाची फांदी तोडून रस्त्यात टाकायची सवय आहे. दिवसा ती दिसते, रात्री नाही दिसत. शे-दोनशे रुपयांचं रिफ्लेक्टर जॅकेट ड्रायव्हर आणि क्लीनर दोघांसाठी गाडीत हवंच.

३. आता विचारा, काय गेलं?

दोष तीन प्रकारांत बसवून बघा. गाडी चालू होत नाही. चालू होते पण पळत नाही. थांबत किंवा वळत नाही. पहिल्या प्रकारातली बरीच कामं जागेवर होतात. दुसऱ्यात नीट विचार करावा लागतो. तिसऱ्यात, म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, एक्सल, मेन पाटा (कमानीची मुख्य पट्टी) किंवा चाकाच्या हबचं बेअरिंग गेलं असेल तर "हळूहळू नेतो शेठ" हे वाक्य ऐकूनच घ्यायचं नाही. ते काम पूर्ण होईपर्यंत गाडी स्वतःच्या ताकदीवर एक किलोमीटरही जाता कामा नये.

मेकॅनिकला फोन करताना मॉडेल, बीएस-४ की बीएस-६ (धुराचं सरकारी मानक), शेवटचा आवाज कसला आला, धूर कोणत्या रंगाचा, हे सांगा आणि डॅशबोर्डवरच्या दिव्यांचा फोटो पाठवा. चुकीचा पार्ट घेऊन आलेल्या मेकॅनिकची एक फेरी म्हणजे तुमचा अर्धा दिवस.

४. जागेवर होणारी कामं

सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) फिरत नसेल तर आधी बॅटरीची टर्मिनलं बघा. दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट होतात, त्यातलं एक टोक जरी सैल किंवा पांढऱ्या भुकटीने माखलेलं असलं तरी सेल्फ नुसता "टक" करून गप्प बसतो. फॅनबेल्ट, होज पाइप, फ्यूज, एअर पाइपची गळती, पंक्चर ही सगळी जागेवरची कामं. पंक्चरच्या बाबतीत एकच सांगतो: रिंगवाल्या डिस्कच्या (टायर लोखंडी रिंगने अडकवलेल्या चाकाच्या) टायरमध्ये हवा भरताना समोर उभं राहू नका. रिंग नीट बसली नसेल तर ती तोफेच्या गोळ्यासारखी उडते.

डिझेल संपून एअर धरली (पाइपात हवा शिरली) असेल आणि गाडी जुन्या पंपाची असेल, तर हे काम ड्रायव्हरला आलंच पाहिजे. टाकीत डिझेल भरा. फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू दोन आटे सैल करा आणि फीड पंपाचा हातपंप मारत राहा. आधी नुसता फेस येतो, मग बुडबुडे मिसळलेलं डिझेल, मग अखंड स्वच्छ धार. ती धार दिसली की पंप मारतामारताच स्क्रू आवळा. नंतर हातपंप हाताला जड लागेपर्यंत मारा आणि मग सेल्फ द्या. पाच-सात मिनिटांचं काम आहे. यासाठी क्रेन बोलावलेली मी पाहिली आहे.

५. जागेवर हात लावू नये अशी कामं

ऑइल प्रेशरचा दिवा लागला की इंजिन त्याच क्षणी बंद. ऑइलची पातळी बघा. कमी असेल आणि गळती सापडून बंद झाली, ऑइल भरल्यावर दिवा विझला, तरच पुढे. ऑइल भरपूर असून दिवा जात नसेल तर सरळ ओढून न्या, नाहीतर क्रँक (इंजिनाचा मुख्य शाफ्ट) धरेल, म्हणजे जाम होईल.

इंजिन तापलं असेल तर रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. थंड झाल्यावर डिपस्टिक काढा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर त्यात पाणी उतरलंय. हेड गॅस्केट किंवा त्याहून मोठं काम आहे. गाडी वर्कशॉपलाच जाणार.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांची गोष्ट वेगळी. कॉमन रेलच्या, म्हणजे इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या जास्त दाबाच्या पाइपात हजार बारच्याही वर दाब असतो. चालू इंजिनावर त्याचा नट सैल केला तर डिझेलची बारीक धार कातडीत घुसते. त्या पाइपांना रस्त्यावर पाना लावू नका. गाडीने अचानक ताकद सोडली तर आधी युरियाची टाकी बघा. डीईएफ (धूर साफ करणारं युरियाचं द्रावण) संपलं किंवा खराब निघालं की गाडी मुद्दाम ताकद कमी करते. पंपावरून सीलबंद डीईएफ आणून भरा. शेतातला युरिया पाण्यात कालवून ओतणारे महाभाग भेटतात, त्याने पुढची पूर्ण यंत्रणा बाद होते. आणि गाडी वॉरंटीत असेल तर खोलण्याआधी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून तक्रार नंबर घ्या.

माझा स्वतःचा नियम दोन तासांचा. मेकॅनिकला दोन तासांत दोष सापडला नाही, तर खोलणं थांबवायचं. अर्धवट खोललेलं इंजिन धुळीत ओढून नेण्यासारखं नुकसान नाही.

६. मधला रस्ता: थोडं ओढा, मग खोला

बहुतेक वेळा हाच निर्णय बरोबर ठरतो. गाडी शंभर किलोमीटरवरच्या वर्कशॉपला नेण्याची गरज नसते, आणि आहे तिथेही खोलायची नसते. जवळचा पंप, ढाबा, वजनकाट्याचं आवार बघा, तिथवर ओढा आणि मेकॅनिक तिथे बोलवा. क्लच प्लेट, प्रोपेलरचा (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांना नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, वॉटर पंप, सेल्फ ही कामं सपाट, उजेडाच्या जागी दिवसभरात निघतात. क्रेनचं भाडं पाच-दहा किलोमीटरचंच पडतं.

७. ओढण्याआधीच्या तीन गोष्टी

इथे मी स्वतः मार खाल्लाय. भिवंडीहून माल भरून येताना कसारा घाटात माझ्या दहा चाकी गाडीचा क्लच जळाला. ओळखीच्या गाडीने वायर रोप लावून इगतपुरीपर्यंत वर काढली, तिथवर ठीक होतं. पण "आता नाशिकलाच नेऊ" म्हणून आम्ही तशीच पुढे ओढली. प्रोपेलर काढला नव्हता. नाशिक जवळ आलं तेव्हा गिअरबॉक्समधून किरकिर ऐकू येऊ लागली आणि खाली जळक्या ऑइलचा वास. क्लचचं एका दिवसाचं काम होतं, त्यात गिअरबॉक्सची बेअरिंगं वाढली आणि गाडी आठवडाभर उभी राहिली.

कारण साधं आहे. मागची चाकं फिरली की प्रोपेलरमधून गिअरबॉक्सचा मेनशाफ्ट फिरतो, पण इंजिन बंद असल्यामुळे ऑइल उडवणारा खालचा शाफ्ट फिरत नाही. बेअरिंगं कोरडी जळतात. म्हणून ओढायच्या आधी प्रोपेलर सोडा किंवा एक्सल काढा. त्याआधी चाकांचे ठोकळे पुन्हा तपासा, गाडी न्यूट्रल झाल्यासारखी मोकळी होते.

दुसरी गोष्ट हवा. एअर ब्रेकच्या गाडीत टाकीतली हवा उतरली की स्प्रिंग ब्रेक आपोआप धरतो. ओढणाऱ्या गाडीतून पाइप जोडून हवा द्या. ते शक्य नसेल तर ब्रेकच्या चेंबरच्या मागचा बोल्ट फिरवून ब्रेक मोकळा करता येतो, पण मग त्या चाकाला हँडब्रेक उरत नाही. उतारावर हे करू नका.

तिसरी गोष्ट स्टिअरिंग. इंजिन बंद म्हणजे पॉवर नाही, चाक दोन्ही हातांनी जेमतेम वळतं. म्हणून भरलेली गाडी वायर रोपवर नेऊ नका, लोखंडी दांडा लावा किंवा क्रेनने पुढची चाकं उचला. दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वेग वीस-पंचवीसच्या वर नको. क्रेनवाल्याला वजन खरं सांगा, काट्याची पावती दाखवा. भरलेल्या दहा चाकी गाडीचं एकूण वजन २८.५ टनांपर्यंत जातं, प्रत्येक क्रेनला ते झेपत नाही.

८. पैसा आणि माल

हुक लावायच्या आधी दर ठरवा: जागेवर येण्याचे किती, किलोमीटरमागे किती, रात्रीचे वेगळे का. ते मोबाइलवर लिहून पाठवायला सांगा. विम्यातलं टोइंग बहुधा अपघातापुरतं असतं. नुसत्या बिघाडासाठी रस्त्यावरच्या मदतीचं वेगळं कलम घेतलंय का, हे आज घरी बसून बघा.

कांदा, द्राक्ष, दूध असा नाशवंत माल असेल तर गाडीच्या आधी मालाचा विचार करा. दुसरी गाडी बोलावून माल पलटी करायचा (त्या गाडीत चढवायचा) असेल तर ई-वे बिलाच्या (मालवाहतुकीच्या जीएसटी परवान्याच्या) भाग 'ब'मध्ये नवीन गाडीचा नंबर टाकावा लागतो. बिलाची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने मिळते, आणि संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच वाढवता येते. गाडी दुरुस्त होऊन निघाली आणि मुदत संपलेली, तर पुढच्या चौकीवर दंड.

९. निघताना

एअर भरून ब्रेक दोनदा दाबून बघा, गळतीसाठी खाली वाका, चाकांचे नट हाताने नाही तर टॉमीने (नट फिरवायच्या लोखंडी दांड्याने) तपासा. दहा किलोमीटरवर थांबून हब हाताला गरम लागतो का बघा. आणि सेल्फ मारण्याआधी क्लीनरला खाली उतरवा. चाकांखालचे दगड त्याने उचलून रस्त्याबाहेर लांब टाकायचे, ऑइल सांडलेल्या जागेवर माती पसरायची, त्रिकोण आणि फांदी उचलायची. रात्री मागून मोटरसायकलवर येणाऱ्याच्या दिव्यात तो दगड फार उशिरा दिसतो.