रस्ता कोरडा, तरी टायर घसरतोय? या चुका टाळा

पाऊस नाही, ऑइल सांडलेलं नाही, टायरही बरा आहे. तरी वळणावर मागचं चाक सटकतं आणि खापर फुटतं टायरवर. अशा वेळी आधी रस्त्यावरची धूळ बघा. टायरचं रबर डांबरातल्या खडीच्या बारीक खाचांमध्ये दबून बसतं, म्हणून ग्रिप मिळते. मधे धुळीचा थर आला की रबर खडीपर्यंत पोचतच नाही. ते सुट्या कणांवर टेकतं आणि कणच सरकतात. वाळूचे दाणे तर बेअरिंगमधल्या छऱ्यांसारखे फिरतात.

नेहमीच्याच अंतरावर ब्रेक मारणं

कोरड्या, स्वच्छ डांबरावर घर्षणांक (टायर रस्त्याला किती घट्ट धरतो, त्याचा आकडा) साधारण ०.७ ते ०.९ असतो. सुटी वाळू किंवा कच पसरली असेल तर तो निम्म्यावर येऊ शकतो. हिशेब करून बघा: ताशी ५० किलोमीटर वेगात घर्षणांक ०.८ असेल तर ब्रेक लागल्यापासून गाडी सुमारे १२ मीटरमध्ये थांबते, ०.४ असेल तर जवळजवळ २५ मीटर लागतात. पाय ब्रेकवर जाईपर्यंत कापलेलं अंतर यात धरलेलं नाही.

वळणात शिरल्यावर ब्रेक आठवणं

दुचाकीवाल्यांना सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. टायरकडे जेवढी ग्रिप असते, तेवढ्यातच त्याला वळायचंही असतं आणि थांबायचंही. धुळीमुळे ती आधीच घटलेली असते. त्यात झुकलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक करकचून दाबला की चाक लॉक होतं आणि सावरायला वेळ मिळत नाही. वेग वळणाआधी, गाडी सरळ असतानाच कमी करा. कच अचानक समोर आलीच तर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्हींशी झटापट नको; जमेल तेवढी गाडी सरळ करा, तो पट्टा ओलांडा, मग ब्रेक लावा.

कच कुठे साचते हेही ठरलेलं असतं. वाहनांची चाकं जिथून सतत जातात ते पट्टे झाडल्यासारखे स्वच्छ राहतात. माती उरते ती दोन पट्ट्यांच्या मधे, कडेला आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला. चाकांच्या पट्ट्यातून चालवा, एवढं साधं आहे.

पहिल्या सरींना हलक्यात घेणं

बरेच दिवस कोरडे गेल्यावर भुरभुर सुरू झाली की धूळ, रबराचा भुगा आणि तेलाचे थेंब मिळून निसरडा राडा होतो. जोराचा पाऊस तो धुऊन नेतो, रिमझिम मात्र तसाच ठेवते. म्हणून सुरुवातीची काही मिनिटं जास्त धोक्याची.

टायरची हवा कमी करणं

खोल वाळूत याचा उपयोग होतो. डांबरावरच्या पातळ धुळीत होत नाही. उलट टायर तापतो आणि कडेने झिजतो.

नक्षीत भरलेली माती तशीच ठेवणं

कच्च्या रस्त्यावरून बाहेर पडल्यावर चिकणमाती खाचांमध्ये बसते आणि नवा टायरही गोट्यासारखा वागतो. काडीने खरवडा, पाण्याने धुवा. डिझेल किंवा रॉकेल लावू नका, रबर खराब होतं. चमक आणणारं पॉलिशही रस्त्याला टेकणाऱ्या भागावर नकोच.

एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत धुळीवर पेडल थरथरलं म्हणून पाय काढू नका. सुट्या खडीवर एबीएसमुळे थांबायचं अंतर वाढूही शकतं, पण स्टिअरिंग हातात राहतं.

आता दोष नेमका कुणाचा? गाडी ठरावीक चौकात किंवा वळणावरच घसरत असेल तर धुळीचा. स्वच्छ रस्त्यावरही घसरत असेल तर टायर थंड असताना हवा तपासा, नक्षी बघा, मग टायरच्या बाजूवरचे तारखेचे चार आकडे वाचा. २३२१ म्हणजे २०२१ च्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. जुनं रबर कडक होतं. दहा वर्षं झाली असतील तर नक्षी शाबूत असली तरी टायर बदलाच.